सीगेट, डब्ल्यूडी की तोशिबा: हार्ड डिस्कचा भरवसा कसा ताडून पाहायचा

हार्ड डिस्क घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी एकच प्रश्न विचारतो: कोणत्या कंपनीची घेऊ? एक मित्र सांगतो, सीगेट घेऊ नकोस, माझी दोन वर्षांत गेली. दुसरा म्हणतो, माझी डब्ल्यूडी सहा महिन्यांत बसली, सीगेट मात्र अजून चालतेय. दोघंही खरंच बोलत असतात. पण एकेका डिस्कच्या अनुभवावरून कंपनीचं काहीच ठरत नाही, आणि तुमच्या डिस्कचं तर त्याहून नाही.

भरवसा मोजता येतो. त्यासाठी थोडं गणित लागतं, थोडी माहिती कुठून घ्यायची हे ठाऊक असावं लागतं, आणि डिस्क हातात आल्यावर ती तपासावी लागते. नाशिकमध्ये पहिल्यांदाच विचारपूर्वक हार्ड डिस्क घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मग तुमचा गंगापूर रोडला फोटो स्टुडिओ असो, शरणपूर रोडला सीएचं ऑफिस असो, अंबडला कॅमेरे लावलेलं वर्कशॉप असो, किंवा घरचे फोटो सांभाळायचे असोत.

पायरी १: काम ठरवा

डिस्क रोज किती तास चालणार आणि वर्षाला किती डेटा तिच्यावरून ये-जा करणार, एवढं कागदावर लिहा. कंपन्या आपल्या डिस्कना कामाच्या वार्षिक मर्यादा देतात. सीगेटच्या साध्या बॅराकुडाला वर्षाला ५५ टेराबाइट, नॅससाठीच्या (नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आयर्नवुल्फला १८०, तर डेटा सेंटरसाठीच्या एक्सॉसला ५५० टेराबाइट.

हे आकडे कागदी वाटतात, म्हणून एक हिशोब करून पाहू. वर्कशॉपमध्ये आठ कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो. आठ मिळून ३२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट. दिवसाला साधारण ३४५ गिगाबाइट, वर्षाला १२६ टेराबाइट. बॅराकुडाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त! अशा डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत, स्वस्त म्हणून डेस्कटॉपची डिस्क बसवली आणि ती लवकर गेली, तर दोष कंपनीचा की निवडीचा? डब्ल्यूडीची पर्पल, सीगेटची स्कायहॉक आणि तोशिबाची एस३०० या रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या डिस्क आहेत. चोवीस तास चालणं आणि एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) वाचता आला नाही तरी अडून न बसता रेकॉर्डिंग पुढे नेणं, हे त्यांच्या फर्मवेअरमध्येच (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच) असतं.

घरी आठवड्यातून एकदा जोडून फोटो टाकायचे असतील तर ५५ टेराबाइटच्या जवळही तुम्ही जाणार नाही. तिथे प्रश्न वेगळा असतो: डिस्क हातातून पडणं, केबल ओढली जाणं. स्कूटीच्या डिकीतून रोज फिरणारी डिस्क आणि कपाटात राहणारी डिस्क यांच्या आयुष्याची तुलना ब्रँडवरून करू नका.

पायरी २: आत कोणाची डिस्क आहे ते ओळखा

फिरत्या प्लेटची हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता जगात तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल (म्हणजेच डब्ल्यूडी) आणि तोशिबा. बाकीची नावं यांच्यातच विरली. क्वांटम मॅक्सटरमध्ये गेली आणि मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटमध्ये. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला. आयबीएमचा हिताचीकडे गेला, आणि हिताचीची ती कंपनी, म्हणजे एचजीएसटी, २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने विकत घेतली. फुजित्सूचा तोशिबाकडे आला.

याचा व्यवहारातला उपयोग असा की दुकानात ट्रान्सेंड किंवा एडेटाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क पाहिली, तर केसिंग त्यांचं असतं आणि आत या तिघांपैकीच कोणाची तरी डिस्क असते. आज एका कंपनीची, पुढच्या लॉटमध्ये दुसऱ्या. जुन्या चर्चांमध्ये एचजीएसटीची तारीफ वाचून तेच नाव शोधत फिरू नका. ती परंपरा आता डब्ल्यूडीच्या अल्ट्रास्टार मालिकेत आहे.

पायरी ३: ब्रँड सोडा, मॉडेल नंबर धरा

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी ऑनलाइन बॅकअपची सेवा देते. तिच्याकडे २०२४ च्या अखेरीस तीन लाखांहून जास्त हार्ड डिस्क चालू होत्या. २०१३ पासूनची रोजची नोंद, कोणती डिस्क चालू, कोणती गेली, ती सगळ्यांसाठी खुली ठेवते. भरवशाबद्दल सामान्य माणसाला मिळू शकणारी ही सर्वांत मोठी उघडी वही आहे. दर तिमाहीला आणि वर्षाअखेरीस तिचे तक्ते येतात, मॉडेलवार.

या तक्त्यांत सीगेटचा बिघाडाचा एकूण आकडा बराच काळ एचजीएसटी, डब्ल्यूडी आणि तोशिबापेक्षा वरचा राहिला आहे. अनेक जण इथेच वाचन थांबवतात. आता मॉडेल उघडून बघा. सीगेटचं ३ टेराबाइटचं एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल इतकं वाईट निघालं की बॅकब्लेझने ते सेवेतून काढून टाकलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेत त्यावरून खटला दाखल झाला. त्याच सीगेटचं ६ टेराबाइटचं एसटी६०००डीएक्स००० मात्र वर्षानुवर्षं चालूनही वार्षिक बिघाड एका टक्क्याच्या आत ठेवून होतं. पुढे १२ टेराबाइटच्या एका मॉडेलने, एसटी१२०००एनएम०००७ ने, पुन्हा त्रास दिला, तर १६ टेराबाइटचं एसटी१६०००एनएम००१जी हजारोंच्या संख्येत नीट चाललं. कंपनी एकच. उलट बाजूला, ज्या आयबीएमच्या डिस्कची परंपरा पुढे एचजीएसटीच्या नावाने वाखाणली गेली, त्याच आयबीएमची २००० सालातली डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही मालिका इतकी बदनाम झाली होती की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणायचे.

आपल्याकडच्या द्राक्षांसारखंच आहे हे. बागायतदार तोच असला तरी दोन प्लॉटचा माल सारखा उतरत नाही, आणि गेल्या सालच्या मालावरून यंदाचा भाव ठरत नाही.

म्हणून दुकानदाराला ‘चार टीबीची डब्ल्यूडी दाखवा’ म्हणू नका. बॉक्सवरचा किंवा लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर वाचा, फोटो काढा, आणि त्या नंबराने शोधा.

पायरी ४: तक्त्यातला टक्का वाचायला शिका

तक्त्यात एक रकाना वार्षिक बिघाड दराचा असतो. त्याचं सूत्र सोपं आहे. सगळ्या डिस्क मिळून जितके दिवस चालल्या ते ‘डिस्क-दिवस’ मोजायचे, त्यांना ३६५ ने भागून डिस्क-वर्षं काढायची, बिघाडांच्या संख्येला त्या डिस्क-वर्षांनी भागायचं, आणि शंभराने गुणायचं. बॅकब्लेझचा सगळ्या डिस्क मिळून दर २०२१ मध्ये १.०१ टक्के होता, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७०, २०२४ मध्ये १.५७. म्हणजे साधारण शंभरातली एक ते दोन डिस्क वर्षात जाते. हा आकडा मनात पक्का ठेवा, पुढची सगळी तुलना याच्या आसपास होते.

आता खरी मेख. समजा एका मॉडेलच्या १०० डिस्क तीन महिने चालल्या आणि एक गेली. डिस्क-वर्षं झाली २५, दर निघाला ४ टक्के. भीतीदायक वाटतो. पण एकाच बिघाडावरून काढलेल्या या आकड्यामागचा खरा दर ०.१ टक्का ते २२ टक्के यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे त्या ४ टक्क्यांनी तुम्हाला जवळपास काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या मॉडेलच्या दहा हजार डिस्क वर्षभर चालून १५० गेल्या आणि दर १.५ टक्के आला, तर तो आकडा भरवशाचा. तक्त्यात टक्का वाचण्याआधी डिस्क-दिवसांचा आणि बिघाडांचा रकाना वाचायची सवय लावा. बिघाड दहाच्या आत असतील तर त्या ओळीवरून मत बनवू नका.

‘एकही गेली नाही’ याचंही असंच. दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो, ‘साठ विकल्या, सगळ्यांना वर्ष झालं, एकही परत आली नाही.’ सांख्यिकीत यासाठी एक सोपा नियम आहे: बिघाड शून्य असेल तर तीनाला डिस्क-वर्षांनी भागा, तेवढा दर अजूनही शक्य असतो. तीन भागिले साठ, म्हणजे पाच टक्के. साठ डिस्क बिनबोभाट चालल्या तरी ते मॉडेल पाच टक्क्यांचं असू शकतं.

दुकानाच्या अनुभवात आणखी एक गाळणी लागते. समजा त्याने एका कंपनीच्या ८० डिस्क विकल्या आणि दुसरीच्या २०. पहिलीच्या ४ परत आल्या, दुसरीची १. काउंटरवर बसणाऱ्याला दिसतं की ‘पहिलीच्या जास्त येतात’. दर मात्र दोन्हींचा पाच टक्केच आहे. जी कंपनी जास्त खपते तिच्या तक्रारी जास्त ऐकू येणारच. ऑनलाइन रिव्ह्यूंनाही हेच लागू आहे, वर तिथे ज्याची डिस्क गेली तोच तावातावाने लिहायला बसतो, आणि पॅकिंग नीट नसल्याने वाटेत आपटलेल्या डिस्कचा रागही कंपनीच्या नावावर जातो.

बॉक्सवरच्या किंवा माहितीपत्रकातल्या ‘१० लाख तास एमटीबीएफ’ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) या दाव्याचंही भाषांतर करून घ्या. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. तुमची डिस्क शंभर वर्षं चालेल असा त्याचा अर्थ नाही. वार्षिक दर सुमारे ०.८८ टक्के राहील असा कंपनीचा दावा आहे, एवढंच. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या डिस्क तपासल्या तेव्हा बदली करण्याचं प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत निघालं.

वय विसरू नका. बॅकब्लेझने २०१३ मध्ये काढलेल्या हिशोबात पहिल्या दीड वर्षात दर ५.१ टक्के, पुढच्या दीड वर्षात १.४, आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के होता. नंतरच्या वर्षांत सुरुवातीचे बिघाड खूपच कमी झाले, पण म्हातारपणीची चढण कायम आहे. त्यामुळे एका कंपनीची सहा वर्षं चाललेली डिस्क दुसरीच्या वर्षभराच्या डिस्कशेजारी ठेवून तुलना करणं अन्यायाचं.

पायरी ५: ते आकडे नाशिकला किती लागू पडतात?

बॅकब्लेझच्या डिस्क थंड हॉलमध्ये रॅकला घट्ट बसवलेल्या असतात आणि अखंड चालतात. त्यांच्यात डीव्हीआरच्या पर्पल-स्कायहॉक नाहीत, खिशातल्या अडीच इंची एक्स्टर्नलही नाहीत. तेव्हा त्यांचा तक्ता नॅस आणि डेटा सेंटरच्या वर्गातल्या डिस्कसाठी उपयोगी, बाकींसाठी नुसती दिशा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सातपूर किंवा अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंद लोखंडी पेटीत ठेवलेल्या डीव्हीआरचं तापमान किती चढत असेल याचा अंदाज हात लावूनच येतो. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची वरची मर्यादा ६० अंश असते. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमानाचा परिणाम लोक समजतात तितका सरळ निघाला नाही. खूप जास्त तापमानात आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये तो ठळक दिसला. पण तो अभ्यासही डेटा सेंटरमधला आहे. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात डिस्क ४५ अंशांच्या आत ठेवण्यासाठी पेटीला जाळी आणि साधा पंखा लावणं हे ब्रँड बदलण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. त्याला खर्चही फारसा येत नाही.

दुसरं म्हणजे वीज. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, येते, परत जाते. वीज अचानक गेली तरी आधुनिक डिस्क फिरत्या प्लेटच्या उरलेल्या वेगावर आपलं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) सुरक्षित जागी नेते, पण हे रोज तीन-चारदा व्हावं असा तिचा बेत नसतो, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलींचं नुकसान वेगळंच. डेस्कटॉपला, नॅसला आणि डीव्हीआरला यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवरच भागवत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. आर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

निफाडकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट: जानेवारीच्या पहाटे तिथे गारठा इतका असतो की रात्रभर गाडीत राहिलेली डिस्क लगेच जोडणं बरं नाही. घरात आणून तासभर राहू द्या, मग जोडा.

पायरी ६: सीएमआर की एसएमआर, हे विचाराच

काही डिस्कमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायचे गोल पट्टे, एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. जागा जास्त मिळते, पण आधी लिहिलेलं बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे सतत लेखन झालं की वेग कोसळतो. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात.

एसएमआर डिस्क मोडते असं नाही. पण नॅसमधली एक डिस्क गेली आणि तिच्या जागी एसएमआर घातली, तर डेटा पुन्हा उभारायचं काम इतकं लांबू शकतं की नॅस त्या नव्या डिस्कलाच खराब ठरवून बाहेर काढतं. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या नॅससाठीच्या रेड मालिकेत २ ते ६ टेराबाइटची काही मॉडेल्स एसएमआर असल्याचं उघड झालं. ग्राहक खवळले, आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या बॅराकुडात २, ४ आणि ८ टेराबाइटची प्रचलित मॉडेल्स एसएमआर आहेत, आयर्नवुल्फ सीएमआर. नुसतं साठवून ठेवायचं असेल तर एसएमआर चालेल. नॅसला नको.

पायरी ७: खरेदी

एमजी रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड भागातल्या दुकानांतून घ्या, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या किंवा ऑनलाइन मागवा, एक गोष्ट सगळीकडे सारखी: पैसे देण्याआधी सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका आणि देश भारत निवडा. वॉरंटी दिसली नाही, किंवा हा माल दुसऱ्या देशासाठी आहे असं आलं, तर तो किती का स्वस्त असेना, सोडा. साध्या बॅराकुडा आणि डब्ल्यूडीच्या ब्लूला साधारण दोन वर्षं, आयर्नवुल्फ, रेड प्लस, पर्पल आणि स्कायहॉकला तीन, एक्सॉस आणि डब्ल्यूडीच्या गोल्डला पाच वर्षांची वॉरंटी असते. कंपनी स्वतः कोणत्या डिस्कवर किती वर्षं जोखीम घ्यायला तयार आहे, हा तिच्याच तोंडचा अंदाज आहे. दोन सारख्या डिस्कमध्ये अडलात तर जास्त वॉरंटीची घ्या.

‘दुकानाची एक वर्षाची वॉरंटी’ म्हणजे बहुधा वापरलेला माल. डीव्हीआर किंवा सर्व्हरमधून काढलेल्या डिस्क पुसून विकल्या जातात, आणि त्यांची चाललेल्या तासांची नोंदही शून्यावर आणता येते. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत सीगेटच्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या आणि प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या निघाल्या. ते उघड झालं ते फार्म नावाच्या सीगेटच्या आतल्या नोंदीमुळे, कारण फसवणाऱ्यांनी वरचा आकडा पुसला होता, हा पुसला नव्हता. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा पुढची आवृत्ती वापरून ही नोंद वाचता येते. सीगेटची महागडी डिस्क घेतली असेल तर एखाद्या जाणकार विद्यार्थ्याकडून तेवढं बघून घ्या.

दोन डिस्क घ्यायच्या असतील तर शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगवेगळ्या लॉटच्या घ्या. एकाच लॉटमधला दोष दोन्हींना एकाच महिन्यात गाठू शकतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून मागा. लॅमिंग्टन रोडवरून शे-दोनशे रुपये वाचवताना, बिघाड झाल्यावर कसारा घाट पुन्हा उतरायला लागेल का हेही धरा. नाशिकमधला दुकानदार डिस्क स्वतः सर्व्हिस सेंटरला पोचवत असेल तर मी तरी थोडे जास्त देऊन त्याच्याकडूनच घेईन.

पायरी ८: पहिल्या आठवड्यात तपासणी

डिस्क आणल्या आणल्या तिच्यावर फोटो ओतू नका. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. चाललेले तास शून्याच्या आसपास असायला हवेत. मग कंपनीचं स्वतःचं तपासणी सॉफ्टवेअर, सीगेटचं सीटूल्स किंवा डब्ल्यूडीचं तसंच सॉफ्टवेअर, त्यातून लांबची चाचणी चालवा. त्यानंतर पूर्ण डिस्क एकदा भरून, परत वाचून बघा. ४ टेराबाइटला लिहायला साधारण सात तास आणि वाचायला तेवढेच. रात्री लावून झोपा. कच्ची डिस्क असेल तर बहुधा इथेच कळते, आणि दुकानातून बदलून मिळण्याची मुदत अजून हातात असते.

क्रिस्टलडिस्कइन्फोत नवखे लोक दोन ठिकाणी हमखास घाबरतात. पहिलं, उजवीकडचे कच्चे आकडे सोळा आधाराच्या पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या. दुसरं, सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात, तर डब्ल्यूडीत तिथे शून्य. ‘सीगेट किती खराब!’ असं म्हणून लोक डिस्क परत करायला धावतात. सीगेट त्या आकड्यात एकूण किती वेळा वाचलं आणि किती चुका झाल्या, हे दोन्ही एकत्र बांधून ठेवते. तो आकडा मोठा असणं नेहमीचं आहे. या ओळींवरून दोन कंपन्यांची तुलना करूच नका.

बघायच्या ओळी वेगळ्या आहेत. ०५ म्हणजे खराब होऊन बदलले गेलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले, सी६ म्हणजे अजिबात न सुधारलेले. जोडीला काही डिस्कवर बीबी (दुरुस्त न झालेल्या चुका) आणि बीसी (वेळेत पूर्ण न झालेले आदेश). नव्या डिस्कवर ०५, सी५ किंवा सी६ पैकी एकही शून्याच्या वर असेल तर त्याच दिवशी बदलून मागा. सी७, म्हणजे केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी सॅटा (डेटाची) केबल बदला. बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते.

पायरी ९: पुढची वर्षं

महिन्यातून एकदा त्याच ओळींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आकडा स्थिर आहे की वाढतोय, हे तो किती आहे यापेक्षा महत्त्वाचं. गूगलच्या त्या अभ्यासात, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली होती. पण त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्के डिस्कनी तापमान सोडता एकाही ओळीत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. स्क्रीन निळी आणि ‘गुड’ दिसतेय म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

इथेच ब्रँडच्या तुलनेचं खरं मोल कळतं. वर्षाला १.५ टक्के दराची डिस्क पाच वर्षांत जाण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या वर, ०.५ टक्के दराच्या उत्तम डिस्कची अडीच टक्के. फरक आहे, आणि तो मिळवावाच. पण चाळिसातली एक जाणारच. त्याऐवजी १.५ टक्केवाल्या साध्या दोन डिस्कवर तोच डेटा ठेवला आणि एक गेल्यावर आठवड्यात दुसरी आणली, तर दोन्ही त्याच आठवड्यात जाण्याची शक्यता वर्षाला लाखात एकाच्या आसपास येते. ती दुसरी प्रत एकाच घरात, एकाच प्लगवर नको. वीज कडाडली किंवा चोरी झाली तर दोन्ही एकत्र जातील. एक स्टुडिओत, एक घरी. २०२७ च्या सिंहस्थात फोटोग्राफर दिवसाला शेकडो गिगाबाइट काढणार आहेत. रामकुंडावरचं ते दृश्य परत मिळत नाही, तेव्हा कार्ड रिकामं करण्याआधी दोन प्रती झाल्या पाहिजेत.

पायरी १०: डिस्क गेलीच तर

टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, विंडोजची चेकडिस्क ही दुरुस्ती चालवू नका, झाकण तर उघडूच नका. डेटा हवा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या. हा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो आणि कंपनीच्या वॉरंटीत तो बसत नाही.

डेटाची दुसरी प्रत असेल तर सरळ वॉरंटीत पाठवा. बदली येणारी डिस्क बहुतेकदा दुरुस्त केलेली असते, आणि वॉरंटी उरलेल्या काळापुरतीच राहते. तिलाही आठव्या पायरीची पूर्ण तपासणी करा. आणि पाठवलेली डिस्क परत येत नाही, हे ध्यानात ठेवा. सीएच्या ऑफिसातले ग्राहकांचे पॅन, बँकेचे उतारे त्यावर असतील आणि डिस्क चालूच होत नसेल, तर ती पुसताही येत नाही. म्हणून अशा डिस्कवर पहिल्या दिवसापासून बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट (डेटा कुलूपबंद करणारी सॉफ्टवेअर) चालू ठेवा, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर छापून बिलाच्या फाइलीत लावा.